छातीपाशी ओल

ओजसनं तोंड फिरवलं, एवढंच झालं. दिवसभर आजीच्या कडेवर कंटाळलेलं दहा महिन्यांचं पोर, आई दारात दिसताच दोन्ही हात पुढे करून झेपावलं होतं. अर्पितानं चपला कशाबशा काढून भिंतीला टेकत त्याला मांडीवर आडवं घेतलं होतं, ओढणीआड त्याचं तोंड नेहमीच्या जागी गेलंही होतं, आणि मग ते थबकलं. मान उचलून त्यानं नाक तिच्या गळ्याशी आणलं आणि हुंगलं. कपाळाला बारीक आठी पडली, खालचा ओठ बाहेर आला, आणि मान जितकी मागे जाईल तितकी मागे टाकून ते असं काही रडलं, की भाकरी थापणारी मैनाबाई पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय झालं वं? काय चावलं त्याले?"

"काही नाही चावलं, आई. घेऊन नाही राह्यला."

"घेऊन नाही राह्यला म्हंजे? दिवसभर वाट पायली त्यानं तुही. वाटीतलं दूध थुंकून दिलं पोट्ट्यानं." मैनाबाईनं कोपरांनीच त्याला उचललं. तिच्या खांद्यावर जाताच तो गप्प झाला आणि तिथून, हुंदके देत देत, आईकडे पाहू लागला. बसस्टँडवर आपल्याशेजारी येऊन बसलेल्या बाईकडे पाहावं तसं.

अर्पितानं गळ्याला हात लावला. वळ अजून तिथं होता. सकाळपासून दुपार टळेपर्यंत पातळ रबराचा पट्टा तिथं आवळून बसलेला, त्याची खूण सहजी जात नसे. मंगळसूत्र चार दिवसांपासून सकाळी निघताना कपाटातल्या डब्यात जात होतं, कारण पट्ट्याखाली एक मणी जरी आला तरी तिथून पाणी आत शिरतं. गाडीत बसण्यापूर्वी तिनं मान, खांदे ओल्या फडक्यानं पुसले होते. तरी वास उरलाच असणार. रबराचा, आणि रबराला लावायच्या पावडरीचा. पहिल्या दिवशी तर तिनं ओजसच्याच डब्यातली पावडर पिशवीत टाकून नेली होती, आणि स्वानंद सर म्हणाले होते, "वासाची नको, मॅडम. वासाच्या पावडरीनं रबर खराब होतं." ती खजील होऊन डबा परत घेऊन आली होती. पण तोवर थोडी लावून झाली होती, आणि त्या सकाळी सूटच्या गळ्यातून डोकं बाहेर काढताना त्या काळ्या ताणलेल्या अंधारात तिला क्षणभर आपल्याच लेकराचा वास आला होता. सूटला त्याचा वास लागला होता. आता सूटचा वास तिला लागला होता. देवाणघेवाण पुरी झाली, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिला ते आवडलं नाही.

ड्रायसूट म्हणतात त्याला. जाड, काळा, बुटांसकट एकसंध. पाठीवर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत गेलेली चेन आपली आपल्याला लावता येत नाही, मागे कुणीतरी उभं राहून लावून द्यावी लागते. जिल्ह्याच्या शोध-बचाव पथकाला यंदा असे सूट मिळाले, मोठ्या मापाचे काही आणि लहान मापाचा एकच, आणि ते शिकवायला कोकणातून स्वानंद सर आले. मुकुटबनजवळच्या जुन्या चुनखडीच्या खदानीत सराव ठेवला होता. काम बंद झाल्यावर खदान पाण्यानं भरली, आता वरून हिरवट, शांत, आणि खाली थंडीत बर्फासारखी. "अंगाला पाणी लागू द्यायचं नाही, हाच या सूटचा अर्थ," सरांनी पहिल्या दिवशी काठावर उभं राहून सांगितलं होतं. "आपण उतरणार ते पाणी कुठलं? नाले, विहिरी, अशाच खदानी. माणूस चार-चार दिवस पडून राहिलेलं पाणी. ते अंगाला लागता कामा नये. आत कोरडं म्हणजे सगळं ठीक. आत ओल म्हणजे काहीतरी चुकलं. एवढं एक लक्षात ठेवा."

तेवढं एकच तिच्या लक्षात राहिलं होतं, आणि तेच आता छातीवर दगडासारखं बसलं होतं.

खाली जाऊ लागलं की पाणी सूटला बाहेरून दाबतं. कापडाच्या घड्या मांड्यांत, काखेत रुततात, कुणीतरी आपल्याला ओल्या पंच्यात गुंडाळून पिळतंय असं वाटतं. मग छातीवरचं बटण दाबून थोडी हवा आत घ्यायची, की तो दाब सैलावतो. वर येताना डावा दंड उचलायचा, दंडावरच्या झडपेतून हवा निघून जाते. पण हवा मोठी नाठाळ. जिकडे उंच तिकडे धावते. दुसऱ्या दिवशी अर्पिता तळाकडे पाहण्यासाठी जरा वाकली आणि सगळी हवा तिच्या बुटांत गेली. पाय फुग्यासारखे वर, डोकं खाली, आणि ती उलटी लटकत वर वर चाललेली. कानात फक्त स्वतःचा श्वास. त्या क्षणी तिला खदान दिसली नाही, राळेगावकडच्या त्यांच्या वावरातली विहीर दिसली. पाठीला वाळलेला भोपळा बांधून बापूजींनी, तिच्या वडलांनी, तिला आत सोडलं होतं, ती सात-आठ वर्षांची असेल. दोराचं एक टोक तिच्या कमरेला, एक बापूजींच्या मुठीत. "हाय मी, मार हात," ते वरून म्हणत होते. तेवढ्यात भोपळा सरकून कमरेखाली आला, आणि तिचे पाय वर, तोंड पाण्यात. हिरवा अंधार, नाकात तिखट आग, आणि मग दोराचा तो झटका, ज्यानं तिला फरफटत पायऱ्यांवर आणलं. बापूजी हसत नव्हते. तिची पाठ थोपटत ते एवढंच म्हणाले होते, "पाणी आपल्याच वावरातलं हाय. त्याले कायले भ्यायचं?" आज बापूजी नाहीत. पण पाय वर गेले की अजून तिची कंबर कुणाच्या तरी झटक्याची वाट पाहते.

झटका आला नव्हता. सरांनी शिकवलेलं आठवून तिनं गुडघे छातीशी ओढले, हनुवटी आत घेतली, मूठभर झाली आणि गरकन फिरली. हवा पायांतून निघून खांद्यांवर आली. नवव्या महिन्यात ओजस तिच्या पोटात असाच फिरला होता. तोवर त्याचं डोकं वर होतं, डॉक्टरीणबाई कात्रीची भाषा बोलू लागल्या होत्या, आणि मैनाबाई देवापुढे बसली होती, कारण तिची ही लेक, अर्पिता, स्वतः पायाळू जन्मलेली. पाय आधी बाहेर. त्या बाळंतपणात मैनाबाई जाता जाता वाचली होती. पावसाळ्यात ढग गडगडले की पायाळूवर वीज पडते म्हणून आईनं तिला आयुष्यभर घरात ओढलं, आणि कुणाची कंबर लचकली की गावातले लोक तिला उचलून न्यायचे, पालथ्या पडलेल्या बाप्यांच्या पाठीवर तिचा इवला पाय ठेवून घ्यायचे. कोणाला पायाळूचा पाय हवा असतो, कोणाला नको असतो. तिचं तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

पथकातल्या देवीलालला हे कुठून कळलं कोण जाणे. दोर धरण्याचं काम त्याच्याकडे होतं. ती पाण्यात असली की दोराचं एक टोक तिच्या पट्ट्याला आणि दुसरं त्याच्या मुठीत. त्यावरून बोलायचं ठरलेलं. एक झटका म्हणजे "बरी आहेस?" आणि उत्तरही एकच झटका. सलग तीन म्हणजे "सापडलं, वर घ्या." त्या दिवशी ती वर आल्यावर तो खो खो हसत म्हणाला होता, "मॅडम, पायाळू त्या पायाळूच! पाण्यातबी पाय आधी. आता माह्या कमरेले लावा बरं जरा. सकाळपासून सिलिंडर उचलू उचलू लचकली." आणि तो खरंच काठावरच्या पांढऱ्या फुफाट्यात पालथा पडला होता. सर बघत राहिले. अर्पितानं तो जड काळा बूट त्याच्या कमरेवर अलगद टेकवला. "वा! उतरलं," देवीलाल म्हणाला. सगळे हसले, तीही हसली. आणि ते हसत असताना तिच्या छातीत ओळखीची कळ आली, कारण दुपार टळून गेली होती आणि घरी, पांढरकवड्याच्या पलीकडे, कितीतरी मैलांवर यवतमाळात, ओजसची दूध प्यायची वेळ झाली होती.

घड्या केलेलं जुन्या लुगड्याचं फडकं ती आत छातीशी ठेवायची. पहिले दिवस ते पुरलं. आज पुरलं नाही. आज सराव लांबला, खाली दाब जास्त होता, सूटनं सगळीकडून पिळून काढल्यासारखं झालं, आणि वर आल्यावर देवीलालनं पाठीवरची चेन उघडली, तिनं सूट उतरवला तेव्हा आतल्या उबदार कपड्याचा पुढचा भाग जड झालेला तिला कळला. ओढणी तिनं झटकन पुढे घेतली. सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे सूट उलटा केला, आत हात फिरवला, आणि छातीपाशी तो हात थांबला. बटणाच्या आजूबाजूला. बोटं बाहेर काढून त्यांनी ती एकमेकांवर चोळली.

"ओल आहे इथे," ते म्हणाले. "घाम असता तर पाठीला, काखेत असता. नेमकी छातीपाशी आहे. म्हणजे बटणाच्या झडपेतून गळतंय. बरं झालं, आजच कळलं."

"आता?" देवीलालनं विचारलं.

"आता काय. सूट दुरुस्तीला परत. लहान मापाचा दुसरा नाहीये. मॅडमचं आपण पुढच्या तुकडीत बघू. उद्या सकाळी एकदा फेस लावून खात्री करतो, पण मला तरी शंका नाही."

पुढची तुकडी म्हणजे कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आणि अर्पिता गप्प बसली. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही, पण तिथं चार बाप्ये उभे होते, ओले हात, हातांत तिचा उलटा केलेला सूट, आणि ते वाक्य एकदा बोललं की परत घेता येणार नव्हतं. त्यानंतर ती अर्पिता राहणार नव्हती, बाळंतीण होणार होती. कोणी रागावणार नव्हतं, उलट सगळे हळुवार होणार होते. 'मॅडम, तुम्ही आधी सांगायचं ना. तुम्ही आराम करा. बाळ मोठं होऊ द्या.' बोललं तरी घरी, न बोललं तरी घरी. गाडीत ती खिडकीशी बसली. कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या, उभी पिवळी तूर, मग केळापूरचा फाटा. सगळं मागे गेलं आणि ते वाक्य तिच्याबरोबर घरापर्यंत आलं.

"पिळून टाक आंधी," मैनाबाई आता म्हणत होती. "किती खेपा सांगू तुले? उन्हातून ये, पाण्यातून ये, पयलं दूध पिळून टाकाव, मंग लेकराले घ्याव. त्या खदानीच्या पाण्याची थंडी भरली तुह्या दुधात. लेकराले कळते ते. त्याच्या इतकं कोणाले कळत नाई."

"दुधात कुठं थंडी भरते, आई?"

"नाई भरत? मंग काहून घेऊन नाई राह्यला तो?"

अर्पिता मागच्या अंगणात गेली, कढीपत्त्याच्या बुडाशी बसली. मैनाबाईचा दंडक होता, आईचं दूध मोरीत सोडायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं. मातीवर बारीक धारा पडत होत्या, कोरडी माती आधी त्यांना गोळा करून धरत होती आणि मग एकदम पिऊन टाकत होती. आत ओजस रडत नव्हता. तो रडत नव्हता, हेच तिला सहन होईना. नंतर तिनं अंघोळ केली, शिकेकाईनं मान घासघासून लाल केली, पुन्हा त्याला जवळ घेतलं. त्यानं या वेळी हुंगलं नाही. त्याची मूठ सवयीनं तिच्या गळ्याशी गेली. पिताना मंगळसूत्र धरायची त्याला खोड होती. एकदा ओढायचा, थांबायचा, वर पाहायचा. ती "हूं" म्हणाली की समाधानानं पुन्हा प्यायला लागायचा. त्यातून त्याला काय विचारायचं असे, आणि तिच्या 'हूं'मधून काय कळत असे, देव जाणे. आज मूठ मोकळ्या गळ्यावर चाचपडली, काही सापडलं नाही, आणि त्यानं पुन्हा तोंड फिरवलं. तिनं उठून मंगळसूत्र घालून पाहिलं. तोवर मैनाबाईनं त्याला वाटी-चमच्यानं भरवायला घेतलं होतं आणि तो मुकाट्यानं गिळत होता.

"घे, सोडलं यानं," मैनाबाई म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "एकदा असं तोंड फिरवलं का मंग लेकरू सोडतेच. तुह्या वेळीबी असंच झालं. मी वावरात निंदाले गेलती, संध्याकायी आली, तं तू पाठ करून बसली."

"मग तू काय केलं?"

"काय करतो? दुसऱ्या दिवशी पुन्हा निंदाले गेली."

नवरा, सुनील, दुकानातून आला तेव्हा त्याला सगळं सांगून झालं. कृषी केंद्रात दिवसभर लोकांना बियाणं-औषधं समजावून तो थकलेला असे. तिचं बोलणं त्यानं नीट ऐकून घेतलं, कारण तो ऐकणारा माणूस होता, आणि मग म्हणाला, "तू म्हणशील तसं. सराव सोडायचा तं सोड. मी काही म्हणत नाही." तो खरंच काही म्हणत नव्हता. त्यानं नको म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. जा म्हटलं असतं तर त्या शब्दाला धरून जाता आलं असतं. "तू म्हणशील तसं" या वाक्याला दोर नव्हता. ते नुसतं पाण्यावर तरंगत होतं.

तिला काय म्हणायचं होतं? हे काम तिनं मागून घेतलं होतं. पथकात ती आधीपासून होती, पण काठावरची. गर्दी हटवणं, नावं विचारणं, बायकांना धरून ठेवणं. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात एका नाल्याच्या पुलाखाली एक बुडालेली बाई शोधत होते. तेव्हा ओजस तिच्या पोटात दोनेक महिन्यांचा असेल, तिला अजून माहीत नव्हतं, नुसतं मळमळत होतं आणि वाटत होतं पाण्याच्या वासानं. पथकातल्या पोरांनी बाईला वर आणलं. चांगली पोरं, जिवावर उदार होऊन उतरलेली. पण आणताना जसं आणता येईल तसं आणलं. लुगडं कुठं, पदर कुठं, एकाचा हात काखेत, एकाचा मांडीखाली, आणि पुलावर सगळं गाव. तेव्हा त्या बाईची म्हातारी आई रडायची थांबली. तिनं आपलं अर्धं लुगडं सोडून लेकीवर टाकलं, आणि मान वर करून कोणा एकाला नव्हे, सगळ्यांनाच विचारलं, "बाई नाई का रे कोणी तुमच्यात?" अर्पिता तिथंच उभी होती, बोटभर अंतरावर, शिट्टी गळ्यात घालून. 'मी आहे' असं म्हणण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतं. ती काठावर होती. नंतर कितीतरी दिवस, अगदी कळा देतानासुद्धा, तो प्रश्न मध्येच यायचा. आता कुठं उत्तर तयार होऊ लागलं होतं, आणि तेवढ्यात तिच्याच अंगानं तिला खाली ओढलं होतं. ती उशीवर डोकं टेकून पडली. एका बाजूला ओजसचा श्वास, दुसऱ्या बाजूला आईचा. मध्ये ती. तिला वाटलं, आपल्याला दोन्हीकडून पाणी दाबतंय आणि ते बटण सापडत नाहीये.

सकाळी तो उठायच्या आत ती निघाली. मंगळसूत्र डब्यात ठेवताना हात थांबला, तरी ठेवलं. थंडी मरणाची होती. खदानीच्या पाण्यावरून वाफ उठत होती. काठावर देवीलाल एका पोत्याला लुगडं गुंडाळत बसला होता. आज शेवटचा सराव, तळाशी बुडालेलं माणूस शोधून वर आणायचा. माणूस म्हणजे वाळू भरलेलं, दोरीनं बांधून हातपाय काढलेलं पोतं. लुगडं त्यानं घरून आणलं होतं, विटलेलं, जांभळं.

"कोणाचं रे हे?" सरांनी विचारलं.

"भुरीबाईचं, सर. माह्या घरवालीचं. काल भांडली माह्यासंगं. म्हटलं, चाल, आज तुले बुडवतो." त्यानं पदराची गाठ मारली. "तिले सांगू नोका फक्त."

पोतं होडीतून नेऊन मधोमध सोडलं गेलं. जांभळा रंग जरा वेळ दिसत राहिला, मग हिरवट, मग काही नाही. इकडे सरांनी लहान मापाचा सूट हवेनं फुगवला. गळा, मनगटं बांधलेली, तो डोकं नसलेल्या माणसासारखा फळीवर पडला होता. साबणाचा फेस त्यांनी बटणाभोवती फासला आणि वाकून पाहत राहिले. ट्यूबचं पंक्चर काढणारा पाहतो तसं. एकही बुडबुडा आला नाही. त्यांनी बटण फिरवलं, दाबलं, पुन्हा फेस लावला. काही नाही. चेनीवर लावला, गळ्यावर लावला. काही नाही.

"विचित्र आहे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती, आणि ती खरी होती. "खाली दाबामध्ये गळत असेल. इथे कळायचं नाही. नाही, मी जोखीम घेणार नाही. न सापडलेली गळती सर्वांत वाईट. परतच पाठवतो."

त्यांनी गळ्याची दोरी सोडली. सूटमधली हवा हुस्स करून निघू लागली, खांदे खचले, छाती बसली. त्या बसत जाणाऱ्या छातीकडे पाहताना अर्पिताला एकाएकी त्या निर्जीव वस्तूची दया आली. त्याचा काही दोष नव्हता. त्यानं आपलं काम चोख केलं होतं, बाहेरचा थेंबही आत येऊ दिला नव्हता.

"सर, सूट नाही गळत," ती म्हणाली. आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "पाणी बाहेरून नव्हतं आलं. माझं बाळ अंगावर पितं. दूध होतं ते."

होडी बांधणारे थांबले. देवीलालनं हातातला दोर उगाच उलगडून पुन्हा गुंडाळायला घेतला. स्वानंद सरांचे कान लाल झाले. ते आपल्या बोटांकडे पाहत होते, काल ज्यांनी ती ओल चोळून पाहिली होती त्या बोटांकडे.

"मी... हे मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. आणि मग आलंच ते, तिनं ओळखलं होतं त्याच हळुवार आवाजात. "मग मॅडम, तुम्ही आज राहू द्या. खाली दाब असतो, थंडी असते. घाई कशाला? बाळ जरा मोठं होऊ दे."

"सूट पास झाला ना, सर?"

"हो, सूट पासच आहे."

"मग आतली बाई काहून नापास?" ठरवून नाही, बोली आपोआप निघाली. "घाम आला तं चालते तुम्हाले. हेही अंगातलंच आहे. मले कुठं दुखून नाही राह्यलं. मले उतरायचं आहे."

सरांनी मान वर केली. आपण काय बोललो ते तिला आता कळत होतं. देवीलाल खाकरला आणि पाण्याकडे बोट दाखवत म्हणाला, "सर, ठरवा लवकर. भुरीबाई खाली वाट पाहून राह्यली."

हसू आधी होडीतून आलं, मग सरांनाही आवरेना. ते नाक पुसत म्हणाले, "खाली काही त्रास झाला तर लगेच वर यायचं. आणि उतरण्याआधी काही... काही करायचं असेल तर करून घ्या."

ती गाडीच्या आडोशाला गेली. इथं झाड नव्हतं, नुसती पांढरी चुनखडी. तिनं दुधाची धार त्या चुनखडीवरच सोडली आणि आईला मनातल्या मनात सांगितलं की पयलं पिळून टाकलं, आता पुढचं कोणासाठी ते माहीत नाही. मग सूट, मग गळ्यातून डोकं, तो क्षणभराचा अंधार, त्यात या वेळी नुसतंच रबर. पाठीशी देवीलाल. चेन एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे गेली. "आहे बरं मी," तो म्हणाला. एवढंच.

खाली हिरवं, मग करडं, मग विजेरीच्या उजेडाएवढंच जग. दाब आला, तिनं बटण दाबलं, सैल झालं. पाय वर जाऊ पाहत होते, तिनं त्यांना समजावून खाली ठेवलं. तळाचा गाळ पिठासारखा, हात लागला की उडायचा आणि उजेड पांढरा होऊन जायचा. मग डोळ्यांचा उपयोग संपला. ती हातांनी शोधू लागली, एक हात पुढे, अर्धवर्तुळ, मग पुन्हा पुढे. ओजस झोपेत असाच शोधतो, हे तिला आठवलं नाही असं नाही. त्याला आता जाग आली असेल. आजीकडे पाहत असेल. दाराकडे पाहत असेल, किंवा पाहायचंही सोडलं असेल. बोटांना कापड लागलं.

लुगडं. ती ते चाचपत वर सरकली. पोतं आहे, वाळू आहे, देवीलालनं गाठी मारताना तिनं स्वतः पाहिलं आहे. पदर सुटून वर तरंगत होता. तिनं तो आधी ओढून घेतला, गुंडाळला, खोचला. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, सरांच्या पायऱ्यांमध्ये ते नव्हतं. मग एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली घालून तिनं ते वजन उचललं आणि छातीशी घेतलं.

आणि तिला पान्हा फुटला. ती बारीक मुंग्यांसारखी कळ आधी, मग ऊब. चहूकडून गार, दाबणारं पाणी, आणि सूटच्या आत, तिच्या आणि त्या ओझ्याच्या मध्ये, पसरत जाणारी ऊब. ती थिजली. कुशीत काय आहे हे अंगाला कळत नव्हतं. कुणीतरी कुशीत आलं, तेवढंच त्याला पुरलं होतं. लेकरू आणि मढं यांत त्यानं फरक केला नाही. तिला भीती वाटली, आपल्याच अंगाची, उघडी, पोटातून येणारी. हे टाकावं, हात मोकळे करावेत आणि वर जावं. त्याच वेळी नाल्याकाठची म्हातारी, अर्धं लुगडं सोडलेली, मान वर करून तिच्याकडे पाहत होती, आणि या वेळी ती सगळ्यांना विचारत नव्हती.

कमरेला दोर ओढला गेला. एकदा. मग थांबला.

तिचे दोन्ही हात गुंतले होते. उत्तर गेलं नाही. वर देवीलालच्या मुठीत शांतता पोचली असणार, कारण दोर पुन्हा ओढला गेला, या वेळी जरा जोरात. एकदा. आणि पुन्हा थांबला, वर पाहत असल्यासारखा. तिनं ते वजन एका खांद्यावर घेतलं, झोपलेलं पोर बदलून घेतात तसं, मानेला हात देऊन, सावकाश. मग मोकळ्या झालेल्या हातानं दोर धरला, एकच झटका दिला, आणि बुडबुड्यांच्या गडगडाटात, जे वर कुणालाच ऐकू जाणार नव्हतं, ते "हूं" म्हणाली.